दोष घरात की वाटेत?



ज्या आईबापांची मुले हैदराबादेस नोकरीनिमित्त राहतात, त्यांच्यापैकी काहींना २०२५ सालचा ऑगस्ट महिना आठवत असेल. रोज रात्री ठरल्या वेळी पडद्यावर दिसणारा मुलाचा चेहरा एकाएकी दिसेनासा झाला. इकडे आई आपल्याच फोनला बोल लावीत बसली, तिकडे मुलगा राऊटरचे बटण दाबून दाबून थकला. दोष मात्र दोघांच्याही घरात नव्हता.

झाले होते असे. त्या शहरातील रामंतापूर भागात गोकुळाष्टमीच्या मिरवणुकीत रथाला विजेचा प्रवाह लागून पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर वीज कंपनीने खांबांवर लोंबणाऱ्या केबली तोडण्याची मोहीम हाती घेतली. अनेक वस्त्यांतील इंटरनेट बंद पडले आणि हे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले.

यावरून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. घरातील इंटरनेट दोन टप्प्यांनी येते. आजकाल बहुतेक ठिकाणी रस्त्यावरून घरातील पेटीपर्यंत ते काचेच्या तंतूतून प्रकाशरूपाने येते. पेटीपासून फोनपर्यंत बिनतारी लहरींवरून, म्हणजे वायफायने येते. यांपैकी कोणता टप्पा बिघडला हे आधी ओळखावे, मग उपायास लागावे.

प्रथम पाहावे की घरातील सर्वच फोन अडले आहेत की एकच. एकच अडला असेल, तर दोष त्या फोनचा. त्याचे वायफाय बंद करून पुन्हा चालू करावे व सांकेतिक शब्द तपासावा. सर्वच अडले असतील, तर पेटीवरील दिवे पाहावेत. ‘एलओएस’ या अक्षरांजवळ तांबडा दिवा लागला असेल, तर बाहेरून प्रकाश पोहोचत नाही असे समजावे. पेटीत शिरणारी तार मुडपली किंवा निसटली आहे काय एवढे पाहून कंपनीस कळवावे. तुटलेल्या तंतूच्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातील प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यांस अपायकारक असू शकतो.

तांबडा दिवा नसेल, तर पेटी बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावी आणि चार-पाच मिनिटे धीर धरावा. मग पेटीजवळ उभे राहून पाहावे. तेथे चालते, पण माजघरात चालत नाही, असे असेल तर दोष जागेचा आहे. लोखंडी कपाट, जाड दगडी भिंत व पाण्याची टाकी लहरींना अडवितात. म्हणून पेटी घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी ठेवावी. पेटीवर ‘२.४’ व ‘५’ अशी दोन जाळी असतात. पहिले दूरवर पोहोचते. दुसरे वेगवान, परंतु भिंतींपुढे लवकर दुबळे होते. दूरच्या खोलीसाठी पहिलेच निवडावे. मायक्रोवेव्ह चालू असताना मात्र त्यातही व्यत्यय येतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. तंतू काचेचा असला, तरी त्याला आधार म्हणून पुष्कळदा पोलादी तार जोडलेली असते. ती विजेच्या तारेस चिकटली, तर तीतून प्रवाह वाहतो. म्हणून रस्त्यात लोंबणारी केबल कोणीही हाताने किंवा काठीने बाजूस सारू नये. इंटरनेट लवकर यावे म्हणून तरुणांनी खांबावर चढून तार जोडण्याचे धाडस तर मुळीच करू नये. लोंबती तार दिसताच मुलाबाळांना दूर ठेवून वीज कार्यालयास कळवावे.

आणि मातांनो, एखाद्या रात्री मुलाचा चेहरा दिसला नाही, तर घाबरून जाऊ नका. साधा फोन निराळ्या वाटेने जातो. तो लावून पाहा. चेहरा उद्या दिसेल. आज आवाज ऐकू आला, तरी सुखाने झोप लागेल.