पेरणी घरची, हजेरी कॉलेजची



मृग सरून आर्द्रा लागल्या की आपल्या दारात एकदमच तीन खर्च येऊन उभे राहतात. बियाणे, खत आणि पोराची मेस. पहिले दोन आपल्या बापजाद्यांच्या ओळखीचे. त्यांच्याशी घासाघीस कशी करायची, उधारी कुठवर ताणायची, हे आपल्याला ठाऊक असते. तिसरा पाहुणा मात्र नवा आहे. ज्या घरात पूर्वी दहावीच्या पुढे कोणी गेले नाही, त्या घरातली मुले-मुली आता बी.एस्सी. ॲग्रीला जातात. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार विद्यापीठे आणि त्यांना जोडलेली सरकारी व खाजगी कॉलेजे यांत ती विखुरली आहेत. आनंदाचीच गोष्ट आहे. पण पोरगे कॉलेजात गेले म्हणजे तिथे नेमके काय करते, हे घरी कोणी विचारत नाही आणि तेही आपणहून सांगत नाही. त्यातून जे घोटाळे होतात ते मग माझ्या टेबलापर्यंत येतात. म्हणून आज तुरीवरची अळी बाजूला ठेवून कॉलेजच्या सत्राविषयी बोलू.

शेतीची पदवी चार वर्षांची आणि वर्षाला दोन सत्रे, म्हणजे एकूण आठ. मुले त्याला सेमिस्टर म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर चार खरीप आणि चार रब्बी. एक सत्र पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होते, दुसरे थंडीत. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांचे जरा वेगळे असते. सीईटी, मग प्रवेशाच्या फेऱ्या, यात बहुधा निम्मा पावसाळा सरतो. पण दुसऱ्या वर्षापासून पुढच्या मुलांचे सत्र बरोबर आपल्या पेरणीच्या धांदलीत उघडते. पाभर शेतात निघते आणि पोरगे गादी, बादली घेऊन एस.टी.च्या फाट्यावर निघते. इथेच घरोघरी तोंडे वाकडी होतात.

दोन वर्षांपूर्वी एक अण्णा माझ्याकडे आले. सात एकर कोरडवाहू, घरी म्हातारी आई, थोरला मुलगा तिसऱ्या सत्राला. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले,

"साहेब, पोराला एका विषयाच्या परीक्षेला बसू देईनात. काय चोरी केली का त्यानं?"

मी विचारले, "अण्णा, सत्र सुरू झाल्यावर किती दिवस घरी होता?"

"पेरणीपुरता. वीस-बावीस दिवस. मजूर मिळंना, मग ठेवून घेतला. पुढं पोळ्याला आला, गौरीला आला. मधी थंडीताप आला म्हणून आठवडाभर घरीच."

मी कागद घेतला आणि त्यांना हिशेब मांडून दाखवला. तोच इथे मांडतो, कारण तो प्रत्येक घरी माहीत असायला हवा. विषयापुढे २+१ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ आठवड्याला दोन तास वर्गातले शिक्षण आणि एक प्रात्यक्षिक. सत्रात शिकवण्याचे सोळा आठवडे धरले तर तास झाले ३२ आणि प्रात्यक्षिके १६. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. म्हणजे साऱ्या सत्रात बुडवायला मिळतात फक्त ८ तास आणि ४ प्रात्यक्षिके. पेरणीला तीन आठवडे राहिला, त्यात ६ तास व ३ प्रात्यक्षिके गेली. तापाच्या आठवड्यात उरलेले २ तास आणि १ प्रात्यक्षिक गेले. खाते तिथेच रिकामे झाले. पोळा आणि गौरी उसनवारीवर.

"मग आता?"

"आता तो विषय पुढच्या पावसाळ्यात पुन्हा करायचा. खरिपाच्या सत्रातला विषय रब्बीच्या सत्रात सहसा शिकवत नाहीत."

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे दुबार पेरणीच की!"

मी इतकी वर्षे व्याख्याने देतो, पण याहून नेमका शब्द मला सुचला नसता.

आता कोणी म्हणेल, साहेब, तुम्हाला काय, पगार पहिल्या तारखेला मिळतो. घरची पेरणी सोडून पोराला कसे धाडायचे? खरे आहे. मजूर मिळत नाहीत हे मी रोज पाहतो. पण जरा विचार करा. सात एकराची पेरणी ट्रॅक्टरने दोन दिवसांत उरकते. मग पोरगे तीन आठवडे कशाला अडकते? ते अडकते पावसाची वाट पाहण्यात, बियाण्याच्या रांगेत, खताच्या फेऱ्यांत, ट्रॅक्टरवाल्याच्या मागे फिरण्यात. यातली बरीचशी कामे मे महिन्याच्या सुट्टीत होण्यासारखी आहेत आणि ती त्याच्याकडून हक्काने करून घ्या. मातीचा नमुना काढून देणे, ट्रॅक्टर ठरवणे, खत आणून ठेवणे. घरचे सोयाबीन बियाणे असेल तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहणे. सत्तरच्या वर उगवले तर नेहमीच्या मापाने पेरा, कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा, फारच कमी उगवले तर ते बी पेरूच नका. बीजप्रक्रियेचा क्रमही तो नीट सांगेल. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत. मग पंचाहत्तर ते शंभर मिलीमीटर पाऊस झाला की दोन दिवसांकरिता त्याला बोलवा. पाऊस काही शनिवार-रविवार बघून येत नाही, हे मलाही कळते. पण दोन दिवस बुडणे वेगळे आणि वीस दिवस बुडणे वेगळे.

सत्राचा पहिला आठवडा कसा जातो तेही माहीत असू द्या. गेल्याबरोबर नोंदणी असते. या सत्रात कोणते विषय, त्याच्या कागदावर सल्लागार शिक्षकांची सही, फीची पावती. उशीर झाला तर दंड. मग वसतिगृहाची खोली. खोलीत कोण जोडीदार येतो यावर पुढचे चार महिने अवलंबून, म्हणून त्याची धाकधूक. वरच्या वर्गातल्या मुलांच्या जुन्या वह्या मिळवणे हे एक मोठेच काम, कारण नवी पुस्तके घ्यायला खिसा पुरत नाही. सकाळी न्हाणीघरापुढे बादल्यांची रांग, घाईघाईने पोहे, मग वर्ग, मेसचे जेवण, दुपारी प्रात्यक्षिक, रात्री प्रात्यक्षिकाची वही पुरी करणे. मेसच्या डाळीत डाळ शोधावी लागते ही तक्रार आमच्या वेळीही होती, आजही आहे. घरून जाताना शेंगदाण्याची चटणी नि लोणचे जरा जास्तच द्या. ते एकट्याला पुरत नाही, सगळ्या खोलीचे असते.

खेड्यातल्या मुलाला पहिल्या वर्षी खरी अडचण भाषेची. शिकवणे इंग्रजीत. जो मुलगा घरी बैलाच्या चालीवरून खूर दुखतो की खांदा हे सांगू शकतो, तो वर्गात महिना-महिना तोंड उघडत नाही. विषय त्याला येत नाही असे नाही, त्या विषयाचे नाव त्याला माहीत नसते. इथे घरची माणसे मदत करू शकतात, आणि तीही न शिकलेली. तणांचा संग्रह हे मुलांना करावे लागणारे एक काम आहे. तण उपटायचे, कागदात दाबून वाळवायचे, चिकटवायचे, खाली नाव लिहायचे. एका घरी मी पाहिले, आजी नातीला बांधावर फिरवत होती. हा केना, हा लव्हाळा, ही हरळी, हे गाजरगवत. नात शेजारी लिहीत होती, कॉमेलिना, सायपेरस, सायनोडॉन, पार्थेनियम. आजीला ती नावे ऐकून हसू आवरेना. पण लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत किती खोल जातात आणि नुसत्या खुरपणीने तो का मरत नाही, हे त्या पोरीला आजीने खुरप्याने उकरून दाखवले. तसाच किड्यांचा संग्रह. पोरगे सुट्टीत जाळी घेऊन फुलपाखरांमागे धावते आणि मेलेले भुंगे टाचणीला टोचून पेटीत ठेवते, म्हणून त्याला वेडे समजू नका. ती पेटी तपासली जाते, तिला गुण असतात. आयांना विनंती, झाडलोट करताना ती फेकू नका.

पुढच्या वर्षांत मुलांना कॉलेजच्या शेतावर स्वतःचा तुकडा मिळतो. पेरायचा, खुरपायचा, काढायचा, खर्चाची वही ठेवायची. म्हणजे बाप इकडे पेरतो तेव्हा पोरगेही तिकडे पेरतच असते. सातव्या सत्रात ती गावोगाव राहायला जातात. मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. तुमच्याही गावात आली असतील. बोर्डो मिश्रण करून दाखवतात, चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया दाखवतात. आमच्या भागातले एक शेतकरी या पोरांना कौतुकाने घरी जेवायला घालतात, त्यांच्या सांगण्यावरून बीजप्रक्रिया करतात. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच वर्गात, दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावी तेच शिकवत होता. त्याला मात्र या घरात कधी कोणी विचारले नाही की बाबा, आपल्या कपाशीला खत कधी द्यावे. मी हे त्यांना बोलून दाखवले. ते म्हणाले, "घरचा तो घरचा, साहेब. त्याला काय कळतं?" यावर काय बोलणार!

मुलींविषयी एक सांगतो. २०२४-२५ पासून राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत, ज्यात शेतीही येते, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. शासनाच्या प्रवेश फेरीतून प्रवेश झालेला हवा. पण शुल्क माफ म्हणजे सगळे फुकट असे समजून बसू नका. मेस, खोली, वह्या, येणेजाणे हे उरतेच. आणि ते उरते म्हणून "मुलगीच तर आहे, पुढच्या वर्षी बघू" असे काही घरांत जुलै महिन्यात म्हटले जाते. तेवढ्याच पैशाचा प्रश्न मुलाच्या बाबतीत आला की तेच घर सोसायटीत, भावकीत, कुठेही हात पसरते. हे मी एका घरात नाही, अनेक घरांत ऐकले आहे आणि मला ते मुळीच पटत नाही.

पैशाचे म्हणाल तर माझा सल्ला जुनाच आहे. जुलैचा खर्च जुलैत शोधू नका. हरभरा, कांदा, गहू विकला की एप्रिलमध्येच मेसची अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांचे पैसे बाजूला काढा. पीककर्जातून ते काढू नका, नाहीतर खताला कमी पडतात आणि मग सावकार. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि आधार बँक खात्याला जोडलेले लागते. शिष्यवृत्ती मिळते, पण वेळेवर मिळेलच या भरवशावर मेसवाल्याला तारीख देऊ नये.

त्या अण्णांच्या मुलाने तो विषय पुढच्या पावसाळ्यात पुन्हा केला आणि सुटला. त्या वर्षी त्याने मे महिन्यातच बियाण्याची उगवण पाहिली होती. शंभरात फक्त चोपन्न दाणे उगवले, म्हणून अण्णांनी ते सोयाबीन विकून टाकले आणि दुसरे बी घेतले. पाऊस मंगळवारी झाला. पोरगे बुधवारी रात्री आले, गुरुवार-शुक्रवार पेरले आणि शनिवारच्या पहिल्या एस.टी.ने परत गेले, कारण दुपारी त्याचे प्रात्यक्षिक होते.