आरोग्य आणि आपण : मुलाला खेळाच्या अकादमीत घालताना

दहावी-बारावीचे निकाल लागले आणि प्रवेश सुरू झाले की आमच्या दवाखान्यात 'फिटनेस सर्टिफिकेट' मागणाऱ्यांची रीघ लागते. त्यात क्रीडा प्रबोधिनीत, निवासी अकादमीत किंवा खेळाच्या कोट्यातून कॉलेजात जाणारी मुलेमुली आता पुष्कळ असतात. पालकांना सही-शिक्का पाच मिनिटांत हवा असतो. "तिथं मुलाला दुखलंखुपलं तर कोण बघणार?" असे विचारले, तर "सरांनी सांगितलंय, चांगली आहे," एवढेच उत्तर येते.

मुलांनी खेळात जावे, याच मताचा मी आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. तेव्हा पालकांचा ओढा स्वाभाविक आहे. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत उंची, वजन, धावणे, उडी अशा चाचण्या घेऊन निवड होते. खासगी अकादम्यांत मात्र पुष्कळदा फी भरली की निवड झाली! भिंतीवरचे पदकवाल्यांचे फोटो पाहून पालक भुलतात. किती मुले जायबंदी होऊन घरी परतली, याचा फलक कोणी लावत नाही.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो. उंची तिथूनच वाढते. रोज सकाळ-संध्याकाळ एकच खेळ, तीच उडी, तीच गोलंदाजी यांमुळे या भागावर ताण येतो. बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याखाली दुखरा उंचवटा येतो, तो यातलाच. विश्रांतीने तो बरा होतो. पण "सहन कर, खेळाडूला दुखतंच," म्हणणारा प्रशिक्षक असेल तर दुखणे वाढते. साधा हिशोब ध्यानात ठेवावा. मुलाचे वय जितके वर्षे, त्याहून अधिक तास आठवड्यात सराव नको, आणि आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टी हवी.

दुसरा प्रश्न वजनाचा. कुस्ती, बॉक्सिंग, ज्यूदोमध्ये खालच्या गटात बसण्यासाठी मुलांना उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, जाड कपडे घालून घाम काढणे हे प्रकार सर्रास चालतात. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अशाच प्रयत्नात कॉलेजचे तीन तरुण कुस्तीगीर दगावले. त्यानंतर तिथे रबरी पोशाख आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली. आपल्याकडे तालमीतल्या पोरावर अशी वेळ येण्याची वाट का पाहायची?

मुलींच्या बाबतीत रक्त आणि पाळी यांकडे लक्ष हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा मुलीला धावताना दम लागला, तर तिला आळशी म्हणून चालणार नाही. सरावाच्या मानाने खाणे कमी पडले की पाळी थांबते, आणि पुढे हाडे ठिसूळ होतात. "खेळाडूंची पाळी जातेच," हा गैरसमज आहे.

काही पालक हळूच म्हणतात, "डॉक्टरसाहेब, वय दोन वर्षं कमी लिहा." हे मी करत नाही. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय अजमावता येते आणि वयचोरीविरुद्ध २०१० पासून राष्ट्रीय नियमावली आहे. पकडला गेला तर बंदी मुलावर येते. शिवाय खऱ्या वयाच्या एखाद्या मुलाची जागा जाते, ते वेगळेच.

तेव्हा फी भरण्यापूर्वी अकादमीत स्वतः जावे आणि पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. दुखापत झाली तर कोणते डॉक्टर पाहतात? विश्रांतीचा निर्णय डॉक्टरांचा की प्रशिक्षकाचा?
२. जेवणात दूध, अंडी, डाळी, फळे रोज असतात का? एक वेळ तिथेच जेवून पाहावे.
३. पावडरी आणि इंजेक्शने कोण देते? काही पावडरींत बंदी घातलेली द्रव्ये मिसळलेली असतात आणि उत्तेजक चाचणीत दोषी खेळाडूच ठरतो.
४. मुलींच्या वसतिगृहात स्त्री अधीक्षक राहतात का? मुलांना घरी मोकळेपणाने फोन करता येतो का?
५. शाळा खरोखर भरते का? खेळ सुटला तर पुढे काय?

उत्तरे देताना संचालक चिडले, तर मुलाला तिथे ठेवू नये.

राहता राहिले सर्टिफिकेट. धावताना छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांतले काहीही असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. हृदयाची तपासणी झाल्याशिवाय सहीचा आग्रह धरू नये. आणि मुलाला सोबत आणावे. त्याला न तपासता नुसता कागद पुढे केल्यास मी सही करणार नाही, आणि माझ्या व्यवसायबंधूंनीही करू नये.