पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी

जासई नाक्यावर कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढणाऱ्या माणसाला गिधाडं आठवायचं काही कारण नाही. पण याच रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यातल्या चिरगावात, पांढऱ्या पाठीची गिधाडं उंच झाडांवर घरटी करतात. मेलेलं ढोर पुरून न टाकता गिधाडांसाठी ठेवायचं, हे काम महाडची 'सीस्केप' संस्था गावकऱ्यांना सोबत घेऊन करत आली आहे.

तिकडे विदर्भात गिधाडं परत आणण्याची सुरुवात पिंजऱ्यापासून झाली. हरियाणातल्या पिंजोरच्या पैदास केंद्रात वाढलेली 20 गिधाडं जानेवारी 2024मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात त्यांना तिथल्या हवापाण्याची सवय केली, अंगावर ट्रान्समीटर बांधले आणि ऑगस्टमध्ये दार उघडलं.

त्यातलं 'एन-11' क्रमांकाचं गिधाड ताडोबातून निघालं ते राज्यामागून राज्यं ओलांडत थेट तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात पोचलं. नोव्हेंबरमध्ये तिथेच विजेचा धक्का बसून ते मेलं. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. एक पक्षी गेला की किती वर्षांची मेहनत जाते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मूळ दुखणं मात्र तारांच्याही आधीचं आहे. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मढ्यातून पोटात गेलं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर साचतो. 1990च्या दशकापासून पांढऱ्या पाठीची 99 टक्क्यांहून अधिक गिधाडं अशीच गेली. 2006मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या. 2015मध्ये बाटली 3 मिलिलिटरची करावी लागली, 2023मध्ये गुरांसाठीच्या केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या तशाच घातक औषधांवरही बंदी घालावी लागली.

पैदास केंद्रं हवीतच. ती नसती तर सोडायला पक्षी उरले नसते. पण सोडलेल्या पक्ष्यांच्या आकड्यावर समाधान मानणं चुकीचं आहे. जिथे गिधाडं आहेत आणि जिथे सोडायची आहेत, तिथल्या विजेच्या तारांना आधी आवरण घाला. औषध दुकानांची झडती वर्षातून एकदा नव्हे, दर महिन्याला घ्या. मेलेल्या ढोराला कोणतं इंजेक्शन दिलं होतं, हे विचारल्याशिवाय ते गिधाडांपुढे टाकू नका.

आणि उद्या चिरगावच्या आसपास कुणाचा बैल लंगडला, तर डॉक्टरांच्या पिशवीतून गिधाडांना न मारणाऱ्या मेलॉक्सिकॅमचीच बाटली निघाली पाहिजे.