कोरियन शब्द आणि आपले तर्क

अलीकडे आमच्या शाळांतील मुलामुलींच्या तोंडीं कोरियन भाषेंतील शब्द वारंवार ऐकूं येतात. गाणीं आणि चित्रमालिका यांच्या द्वारें ते घरांत शिरले आहेत, व कित्येक पालकांस त्याचा थोडा वैतागही वाटत असेल. आम्हांस त्यांत वावगें कांहीं दिसत नाहीं. नवी भाषा कानीं पडणें हा लाभच होय. परंतु त्या शब्दांच्या पाठोपाठ जो एक तर्क पसरत चालला आहे, त्याविषयीं मात्र लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

कोरियन मूल बापास ‘आप्पा’ व आईस ‘ऑम्मा’ म्हणतें. तमिळ मूलही अप्पा, अम्मा असेंच म्हणतें. कोरियन ‘नाल’ म्हणजे दिवस, तमिळ ‘नाळ’ म्हणजेही दिवस. तेथें ‘फुल’ म्हणजे गवत, तमिळांत ‘पुल’ म्हणजे गवत. एवढें सांगून झालें कीं निष्कर्ष तयार: कोरियन भाषा आपल्या दक्षिणेंतूनच तिकडे गेली!

हा तर्क आजचा नव्हे. होमर हल्बर्ट नांवाचे अमेरिकन शिक्षक इ. स. १८८६ मध्यें सोल येथील सरकारी शाळेंत शिकवावयास गेले आणि कोरियन व द्राविडी भाषांच्या तुलनात्मक व्याकरणावर १९०५ सालीं त्यांनीं पुस्तकच लिहिलें. हल्बर्ट हे कोरियाचे खरे मित्र. त्या देशाच्या स्वातंत्र्यासाठीं ते आयुष्यभर झटले. त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. पण मनुष्य भला असला म्हणून त्याचें अनुमान खरें ठरतें असें नाहीं. आजचे बहुतेक भाषापंडित हें नातें मानीत नाहींत.

कां मानीत नाहींत? प्रथम आईबापांचे शब्द बाजूस ठेविले पाहिजेत. ओंठ मिटून उघडले कीं तान्ह्या मुलाच्या मुखांतून ‘म’, ‘प’, ‘ब’ हे वर्ण आपोआप निघतात, आणि आपणासच हांक मारली असें समजून आईबाप हर्षभरित होतात. जॉर्जियन भाषेंत ‘मामा’ म्हणजे बाप! आपल्याकडे तो आईचा भाऊ. अशा शब्दांवरून वंशावळ मांडावयाची म्हटल्यास जगांतील सर्वच माणसें चुलतभाऊ ठरतील.

उरलेल्या शब्दांचें काय? योगायोग ही वस्तु आपण समजतों त्याहून फार मोठी आहे. ‘बदनाम’ या शब्दांतील फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळजवळ एक, अर्थही एक. तरी त्या दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. उलट, खरें नातें पुष्कळदां कानास ओळखूं येत नाहीं. पितृ व फादर, पद व फूट, पंच व फाइव्ह या जोड्या पाहाव्या. संस्कृतांत जेथें आरंभीं ‘प’ आहे, तेथें इंग्रजींत ‘फ’ येतो, आणि हें एकदां नव्हे, नियमानें घडतें. भाषांचें नातें सिद्ध होतें तें अशा नियमानें. सुट्या शब्दांच्या साम्यानें नव्हे.

कोरियन ‘दुल’ म्हणजे दोन. येथें मराठी माणसास ‘दोन’ आठवल्यावांचून राहत नाहीं. परंतु इ. स. ११०३ च्या सुमारास कोरियांत गेलेल्या एका चिनी अधिकाऱ्यानें तेथील सुमारें ३५० शब्द टिपून ठेविले आहेत. त्यांत या शब्दाच्या पोटांत ‘ब’सारखा एक वर्ण आढळतो. म्हणजे आपण जसजसे मागें जावें तसतसा तो शब्द ‘दोन’पासून दूर सरकतो! खरा आप्त असता तर जवळ आला असता. दुर्दैवानें इतका जुना पुरावा थोडा. राजा सेजोंग यांनीं १४४६ सालीं कोरियन लिपि प्रसिद्ध केली. तत्पूर्वींचें लेखन चिनी अक्षरांत, आणि त्यांतून देशी उच्चार काढणें कठीण. जेथें पुरावा थोडा, तेथें तर्कांस रान मोकळें मिळतें.

खरे दुवे नाहींतच असें मात्र नव्हे. आणि ते तर्कापेक्षां शतपटीनें मनोरंजक आहेत. बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत शब्द चिनी भाषेंत गेले व तेथून कोरियांत पोंचले. ‘क्षण’ तेथें ‘छाल्ला’ झाला, ‘नरक’ ‘नाराक’ झाला. स्वर्गांतील गवई जो गंधर्व, तो तेथें ‘गॉन्दालबा’ झाला, आणि त्याचेंच शेपूट तुटून उरलेला ‘गॉन्दाल’ आज उनाड, गुंड मनुष्यास लावितात. ज्या शब्दानें महाराष्ट्रानें नारायणराव राजहंसांस गौरविलें त्याची ही गति! तसेंच, पोर्तुगीजांचा ‘पाँव’ गोव्यांत ‘पाव’ झाला आणि जपानमार्गें कोरियांत ‘प्पांग’ झाला. पाव आणि प्पांग हीं सख्खीं भावंडें आहेत, हें कानास पटत नाहीं. इतिहास मात्र तें सांगतो.

कोणी म्हणेल, असल्या तर्कानें कोणाचें काय बिघडतें? तें कोरियन लोकांस विचारावें. १९१० सालीं जपाननें कोरिया गिळंकृत केला. त्याच वर्षीं कानाझावा शोझाबुरो या जपानी पंडितानें कोरियन ही जपानीचीच एक शाखा असल्याचें प्रतिपादणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. या दोन भाषांचें नातें आजही निर्विवाद सिद्ध झालेलें नाहीं; परंतु ‘तुम्ही आम्ही मूळचे एकच’ हें वचन राज्यकर्त्यांस सोयीचें होतें. १९३८ पासून शाळांत कोरियन ऐच्छिक ठरली व लवकरच वर्गांतून नाहींशी झाली. मुलांस आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होऊं लागली. १९४२ सालीं कोरियन शब्दकोश रचणाऱ्या मंडळींस अटक झाली. त्यांपैकीं दोघे कारागृहांतच वारले, आणि कोशाचें हस्तलिखित जप्त झालें. राज्य पालटल्यावर, सप्टेंबर १९४५ मध्यें, तें सोल स्टेशनाच्या मालगुदामांत सांपडलें. पहिला खंड १९४७ सालीं छापून निघाला. सहावा व शेवटचा १९५७ सालीं.