शेठजींची दलाली म्हणू नका

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत 'मुलगा दिल्लीत असतो' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: यूपीएससी का? नाही म्हटलं की मग बँक, निदान एखादी आयटी कंपनी. मी सांगतो, खुल्या बाजाराची बाजू मांडणाऱ्या एका थिंक टँकमध्ये संसदेचं कामकाज बघतो. लगेच चेहरे बदलतात. "म्हणजे शेठ लोकांची बिलं पास करून देता होय?" एकट्यादुकट्याने म्हटलं असतं तर हसून सोडलं असतं. पण हा समज आपल्या समाजात चांगलाच मुरलाय, म्हणून आज जरा भांडतोच.

आधी काम काय ते सांगतो. संसदेत विधेयक येतं, पानंच्या पानं, किचकट कायदेशीर भाषेत. खासदाराच्या मागे मतदारसंघ, लग्नं, मयतं, पक्षाच्या बैठका. त्यात 1985 पासून पक्षांतरबंदी. व्हिप निघाला की मत ठरलेलं. मग वाचायचं कोणी आणि कशाला? तर मत बांधलेलं असलं तरी तोंड बांधलेलं नसतं. प्रश्न विचारता येतो, दुरुस्ती सुचवता येते. आम्ही विधेयक कलमवार वाचून दोन पानांचं टिपण करतो. परवाना कोण देणार? नाकारला तर दाद कुठे मागायची? इन्स्पेक्टरच्या हातात काय काय दिलंय? भुर्दंड कोणाला? ते टिपण सगळ्या पक्षांच्या खासदारांना जातं. विधेयक स्थायी समितीकडे गेलं तर तिथे लेखी निवेदन देतो. एवढंच. बॅगा-बिगा काही नसतात हो.

आता 'खुला बाजार म्हणजे शेठजींची सोय' हे तुणतुणं. अहो, शेठजींचं बंद बाजारात काही अडत नाही! त्यांच्याकडे वकील आहे, सीए आहे, फाइल पुढे सरकवणारा माणूस आहे. अडतं ते ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याचं. बांबूचं बघा. वनस्पतिशास्त्रात बांबू म्हणजे गवत. पण 1927 च्या वन कायद्याने त्याला झाड ठरवलं. त्यामुळे स्वतःच्या शेतात लावलेला बांबू तोडून बाजारात न्यायलाही ठिकठिकाणी परवानग्यांचे खेटे. वनाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून निघाला तो 2017 साली. नव्वद वर्षं! या काळात कोणत्या शेठजीची झोप उडाली होती?

आणि हा विचार काही फक्त दिल्लीच्या एसी हॉलमध्ये जन्माला आला नाही. मराठीत तो गाजला कांदा आणि ऊस पिकवणाऱ्यांच्या तोंडी. शरद जोशी परदेशातली नोकरी सोडून चाकणजवळ कोरडवाहू शेती करायला आले, शेतकरी संघटना उभी केली, 1980 च्या आंदोलनांत हजारो शेतकरी रस्त्यावर आले. मालाला भाव मिळू द्या, विकायचं स्वातंत्र्य द्या, सरकारने पायात पाय घालू नये, हे त्यांचं म्हणणं. पुढे 2004 ते 2010 ते राज्यसभेत होते. त्यांचं सगळं पटलंच पाहिजे असं नाही. पण त्यांना शेठजींचा दलाल कोण म्हणेल?

मात्र आमच्या गोटातल्यांनाही दोन शब्द सुनावतो. फेरीवाल्यांचं विधेयक 2012 मध्ये मांडलं गेलं, स्थायी समितीत तपासलं गेलं, 2014 मध्ये कायदा झाला. सेवा, नासवी यांसारख्या संघटना त्यासाठी कितीतरी वर्षं लढल्या. खुल्या बाजारवाल्या अभ्यासकांनीही फेरीवाल्यांची बाजू मांडली. पाहणी पूर्ण होईपर्यंत ठेलेवाल्याला उठवता येत नाही, असं त्यात लिहिलंय. अंमलबजावणी लंगडी आहे, मान्य. पण निदान हातात कलम तरी आहे, आणि कायदा टिकून आहे.

याउलट 2020 चे तीन कृषी कायदे. आधी अध्यादेश, मग स्थायी समितीला वळसा, राज्यसभेत 20 सप्टेंबरला गोंधळात दोन विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर. शेतकऱ्याला बाजार समितीबाहेर विकू द्या, ही मागणी रास्तच. पण ज्याच्यासाठी कायदा त्यालाच विचारलं नाही. वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले, आणि 29 नोव्हेंबर 2021 ला कायदे रद्द, तेही चर्चेविना. 'झालं एकदाचं' म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनी एक चांगली मागणी कितीतरी वर्षं मागे नेली. माणसाच्या निवडीवर विश्वास ठेवा म्हणायचं आणि त्याच माणसाला समितीपुढे बोलू द्यायचं नाही, हा कुठला खुलेपणा?

पैशाचं म्हणाल, तर तो संशय रास्त आहे. अमेरिकेत लॉबिंग करणाऱ्याला नोंदणी करून हिशेब जाहीर करावा लागतो. आपल्याकडे तसा कायदाच नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: डावी असो की उजवी, प्रत्येक संस्थेने देणगीदारांची यादी उघड ठेवावी. टिपण वाचणाऱ्याला कळू द्या, तेल कोणाचं आणि दिवा कोणाचा.

होळकरांच्या काळी आपले पूर्वज कमाविसदार होते, फडणीस होते. पुढच्या पिढ्या सरकारी कचेऱ्यांत रमल्या. त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्यातून एक सवय लागली: कायदा राबवणाऱ्याला मान, आणि कायद्याला 'का?' विचारणाऱ्याकडे संशयाने बघायचं. जीएसटीचे फॉर्म भरताना, नकाशा मंजूर करताना, दुकानाचं लायसन घेताना आपण महिनोन्‌महिने कुरकुरतो. ते कलम लिहिलं जात होतं तेव्हा आपल्यातलं कोण तिथे होतं?

स्थायी समित्या विधेयकांवर लोकांच्या सूचना मागवतात, तशा जाहिराती येतात. पुढची दिसली की घरातल्या लॉ, इकॉनॉमिक्सच्या पोरापोरींना वाचायला द्या आणि एक पानभर पत्र धाडायला सांगा. माझ्या विरोधात लिहिलं तरी चालेल, भिया. पण लिहा.