आर्द्रा पाहिली का कुणी?

मंडळी, आपल्या हिंगोलीकडे आर्द्रा नक्षत्र सगळ्यांना पाठ. २१-२२ जूनला सूर्य आर्द्रात गेला, की वाहन कोणतं, पाऊस कसा, याची चर्चा पारावर रंगते. गंमत अशी, की आर्द्रेचा तारा त्या दिवसांत दिसतच नाही. तो सूर्याच्याच दिशेला असतो. दिसतो हिवाळ्यात. जानेवारीत रात्रीच्या लाईनवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या जवळजवळ डोक्यावर असतो. मृगाच्या चार पायांतला तांबूस तो. काक्षी हेही त्याचंच नाव.

माझं मत असं, की शाळेने मुलांना हा तारा दाखवावा आणि त्याची वही ठेवायला लावावी.

कारण हा तारा रूपविकारी आहे. त्याचं तेज कमी-जास्त होतं. जॉन हर्शेल यांनी हे १८३६ साली ओळखलं. भाताच्या भांड्यावर झाकण ठेवलं की वाफ कोंडते, झाकण उचललं जातं, वाफ गेली की खाली बसतं. ताऱ्याच्या पोटातली उष्णता तशीच कोंडते, तारा फुगतो, मग आकसतो. एका फेऱ्याला सुमारे ४०० दिवस लागतात. शिवाय सुमारे सहा वर्षांचा दुसरा संथ फेरा आहे. त्यामागे एक जोडीदार तारा असावा, असा अंदाज होता. २०२५ साली हवाईच्या जेमिनी दुर्बिणीतून तो टिपल्याचं जाहीर झालं.

२०१९-२० च्या हिवाळ्यात तर काक्षी इतका मंदावला, की नुसत्या डोळ्यांना फरक कळला. ताऱ्यानेच बाहेर टाकलेल्या धुळीने तो झाकला गेला होता.

वहीला खर्च नाही. आठवड्यातून एकदा पाहायचं: रोहिणीपेक्षा तेजस्वी की मंद? प्रश्वापेक्षा? तारीख घालून एक ओळ लिहायची. पाचवीत सुरू केलं तर दहावी होईपर्यंत सहा वर्षांचा तो फेरा पुरा होतो!

कुणी म्हणेल, मोबाईलवर सगळं मिळतं. मिळतं ना. पण ते दुसऱ्याने पाहिलेलं. औंढ्याजवळच्या लायगो प्रयोगशाळेसाठी केंद्राने २०२३ साली २६०० कोटी मंजूर केले. उद्या तिथे आपल्या पोरांनी फक्त फाटकावर उभं राहायचं, की आत बसून नोंदी तपासायच्या? नोंद ठेवायची सवय एका दिवसात लागत नाही.

असो. नातवंडांना या डिसेंबरात गच्चीवर न्या. काय दिसलं ते मला जरूर कळवा.