पिण्याचे पाणी आणि वाहते पाणी

इंग्रजी शब्दाअंती ‘इंग’ दिसले की ‘करीत आहे’ असा अर्थ मुलांकडून घोकून घ्यावा, त्यातले नाम कोणते व विशेषण कोणते ही चिकित्सा व्यर्थ होय, असे मत आमचे पदवीधर कचेरीबंधूही आत्मविश्वासाने मांडतात. या मतास आमचा स्पष्ट विरोध आहे.

‘ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे काही पिणारे पाणी नव्हे. ‘रनिंग वॉटर’ मात्र वाहणारेच पाणी. आम्ही बसवनगुडीत राहतो. तेथील कानडीतही ‘कुडियुव नीरु’ आणि ‘हरियुव नीरु’ यांतला ‘उव’ सारखाच. मराठी मात्र ‘पिण्याचे पाणी’ व ‘वाहते पाणी’ असा निवाडा तत्काळ देते. ‘पिणे’ हे धातुसाधित नाम, ‘वाहते’ हे धातुसाधित विशेषण. शाळेत शिकलेले हे ज्ञान इंग्रजीच्या वेळीच का विसरावे?

प्रतिपक्ष म्हणेल, खुद्द इंग्रज वैयाकरणांनीच हा भेद मोडला. हडलस्टन व पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणाने या दोन्ही क्रियारूपांस एकच संज्ञा दिली, हे खरे. परंतु पूर्णपणे नाम वा विशेषण बनलेले शब्द त्यांनीही निराळेच ठेवले. शिवाय प्राचीन इंग्रजीत नामाचा प्रत्यय ‘उंग’ किंवा ‘इंग’, विशेषणाचा ‘एंडे’ असे दोन होते. पुढे रूपे एक झाली. वाक्यातील कामे दोनच राहिली.

हा वाद केवळ शाळेपुरता नाही. ‘वी ऑब्जेक्ट टु द क्लर्क टेकिंग लीव्ह’ असा मसुदा वरून आला, तर आक्षेप रजा घेण्यावर की रजा घेणाऱ्या कारकुनावर? ‘क्लर्क’ला षष्ठी लावली की आक्षेप रजेवर येतो व कारकून सुटतो. अशी षष्ठी हवीच, हा फाउलर यांचा आग्रह येस्पर्सन यांना मान्य नव्हता. तो नियम सर्वत्र लावावा असे आम्हीही म्हणत नाही. परंतु ज्या कागदावर कोणाची नोकरी अवलंबून आहे, तेथे संदिग्धता ठेवणे हा अन्याय होय.

म्हणून परप्रांतातील मराठी पालकांस आमचे सांगणे आहे : मुलास ‘इंग’ भेटताच त्याचे मराठी करावयास लावा. ‘णे’ आले तर नाम, ‘णारा’ किंवा ‘ता’ आले तर विशेषण. ही कसोटी क्वचित अपुरी पडेल; पण ती त्याच्या घरचीच आहे, आणि घरी मराठी बोलत राहिले तरच ती त्याच्या हाती राहील.